एकूण पट नको, प्रत्येक पटचं अंतर लिहा: हौशी गोल्फरची पटिंगची वही

राऊंड संपला की बहुतेक हौशी गोल्फर पटिंगबद्दल, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पटर या क्लबने चेंडू होलकडे लोटण्याबद्दल, एकच आकडा सांगतात: आज एकूण पट (असे फटके) किती लागले. तीसच्या आत राहिले तर पटिंग चांगलं झालं, पस्तीसच्या पुढे गेले तर वाईट. हा आकडा मोजायला सोपा आहे, म्हणूनच तो टिकून आहे. पण पटिंग सुधारायचं असेल तर त्याच्यावर विसंबू नका. चेंडू ग्रीनवर येऊन कुठे थांबला होता, हे त्यात कुठेच नसतं.

एक उदाहरण घेऊ. एका खेळाडूचे आयर्न (ग्रीनकडे मारायचे क्लब) त्या दिवशी नीट लागत नाहीत. बारा होलवर तो ग्रीन चुकवतो, पण चिप करून (ग्रीनबाहेरून छोटा फटका मारून) चेंडू होलपासून पाच फुटांवर आणतो. उरलेल्या सहा होलवर त्याचा पहिला पट वीस फुटांचा असतो. एकूण पट २९. दुसऱ्या दिवशी तोच खेळाडू बारा ग्रीन गाठतो आणि तिथे त्याला पहिला पट तीस फुटांवरून मारावा लागतो. बाकीच्या सहा होलवर चिपनंतर आठ फूट उरतात. एकूण पट ३३. नुसतं कार्ड पाहणारा म्हणेल की पहिल्या दिवशी पटिंग चार फटक्यांनी सरस होतं. खरं तर पहिल्या दिवशी त्याने व्यावसायिकांच्या तुलनेत पटरने तीन फटके गमावले, आणि दुसऱ्या दिवशी तो जवळजवळ त्यांच्या बरोबरीने खेळला. हा हिशेब कसा निघतो ते पुढे दाखवतो. त्यासाठी लागणारी माहिती मात्र राऊंड चालू असतानाच टिपावी लागते, नंतर ती आठवत नाही.

काही जण फक्त रेग्युलेशनमध्ये (होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा दोन कमी फटक्यांत) गाठलेल्या ग्रीनवरचे पट मोजतात. त्यात चिपचा गोंधळ निघून जातो, एवढा फायदा आहे. पण बारा फुटांवरून मारलेला पट आणि पन्नास फुटांवरून मारलेला पट तिथेही सारखेच धरले जातात.

कार्डावर काय लिहायचं

माझी पद्धत एवढीच आहे: प्रत्येक होलवर मारलेल्या प्रत्येक पटचं अंतर फुटांत, क्रमाने लिहायचं. पहिला पट २४ फुटांवरून मारला, दोन फूट उरले आणि दुसरा आत गेला, तर लिहा «२४, २». चाळीस फुटांवरून मारला, आठ उरले, तो हुकला, एक फूट उरला आणि मग चेंडू आत गेला, तर «४०, ८, १». किती आकडे आहेत ते पाहिलं की पट किती लागले ते आपोआप कळतं, वेगळं मोजायला नको. चिप थेट आत गेली तर शून्य लिहा.

हुकलेल्या पटपुढे एक अक्षर जोडा. चेंडू होलपर्यंत पोचलाच नाही तर «क» (कमी), पुढे निघून गेला तर «ज» (जास्त). ज्या पटला ब्रेक (उतारामुळे चेंडूला येणारं वळण) होता, तिथे चेंडू होलच्या वरच्या अंगाने गेला तर «व», खालच्या अंगाने गेला तर «ख». सरळ पट असेल तर डावीकडे किंवा उजवीकडे, «डा» किंवा «उ». मग वरची नोंद अशी दिसेल: «४० क, ८ ख, १». एका होलला याहून जास्त लिहू नका. उतार, गवताची दिशा, ग्रीनचा वेग, वारा असं सगळं टिपायला गेलात तर तिसऱ्या राऊंडपर्यंत वही बंद पडेल. ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरने मोजतात. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये तयार केलेलं हे साधन ग्रीन राखणाऱ्यांच्या कामाचं आहे. तुम्ही राऊंडच्या वर «मंद», «मध्यम» किंवा «वेगवान» एवढा एक शब्द लिहिलात तरी पुरे.

लिहायचं कधी, हेही ठरवून घ्या. ग्रीनवर उभं राहून लिहू नका, मागचा गट वाट पाहत असतो. पुढच्या टीवर पोचल्यावर, दुसरे खेळाडू ड्राइव्ह मारत असताना लिहा. एका होलचे दोन-तीन आकडे तेवढा वेळ सहज लक्षात राहतात. दोन होल मागचे राहत नाहीत.

अंतर मोजण्याची सवय

सगळी वही अंतरावर उभी आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

पावलांनी मोजा. आधी घरी किंवा सरावाच्या ग्रीनवर टेपने तीस फूट आखून घ्या आणि नेहमीच्या चालीने किती पावलं पडतात ते पाहा. दहा पडली तर तुमचं पाऊल तीन फुटांचं. अकरा-बारा पडली तर पाऊल ताणून तीन फुटांचं करू नका. ताणलेलं पाऊल बाराव्या होलनंतर दमल्यावर आखूड होतं. तुमच्या पावलाचा हिशेब तुमच्या जवळ ठेवा, उदाहरणार्थ एक पाऊल म्हणजे अडीच फूट.

चेंडूला खूण करून उचलला की होलच्या दिशेने चालत जाऊन रेषा पाहायची, हे बहुतेक जण करतातच. तेव्हाच पावलं मोजली तर जादा वेळ जात नाही. नियम ५.६ प्रमाणे आपली पाळी आल्यावर साधारण ४० सेकंदांत फटका मारावा अशी शिफारस आहे. मोजणी त्यात आरामात बसते. मात्र दुसऱ्याच्या पटच्या रेषेवर पाय देऊ नका. गरज पडली तर वळसा घ्या आणि पावलात थोडी वजावट करा.

पाच-सहा फुटांच्या आत पावलं उपयोगी पडत नाहीत आणि नेमकं तिथेच अचूकता हवी असते. चार फूट आणि सहा फूट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथे नजरेने पटरची लांबी वापरा. तुमचा पटर ३४ किंवा ३५ इंचांचा असेल, म्हणजे जवळजवळ तीन फूट. चेंडू आणि होल यांच्यामध्ये दोन पटर बसतील तर सहा फूट, दीड बसेल तर साडेचार. सरावाच्या ग्रीनवर अंदाज करून मग टेपने तपासा. हौशी खेळाडू हुकलेला पट आठवताना तो लांबचा होता असं धरतात, आत गेलेला आठवतानाही तसंच. म्हणून अंतर पट मारायच्या आधी ठरवायचं, नंतर बदलायचं नाही.

लांबच्या पटला एवढी काळजी नको. ४२ फूट आणि ४५ फूट यांनी हिशेबात काहीच फरक पडत नाही.

काय पट धरायचं, काय नाही

फ्रिंजवरून (ग्रीनच्या कडेच्या पट्ट्यावरून) पटरने मारलेला फटका आकडेवारीत पट नसतो. चेंडूचा कोणताही भाग ग्रीनला टेकत असेल तर तो ग्रीनवर आहे, नसेल तर नाही, मग हातात कोणताही क्लब असो. फ्रिंजवरचे असे फटके वेगळ्या ओळीत लिहिले तर बरं, पण पटिंगच्या टक्केवारीत मिसळू नका.

«घे, दिला» म्हणून सोडलेला पट हा मोठा प्रश्न आहे. पट सोडण्याची मुभा नियमांनुसार फक्त मॅच प्लेमध्ये (होल जिंकण्याच्या सामन्यात) आहे, स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात) चेंडू होलमध्ये घालावाच लागतो. मित्रांबरोबर खेळताना मात्र तीन फुटांचे पट सर्रास सोडले जातात. असा पट कंसात लिहा, «२६, (३)», आणि तीन फुटांच्या टक्केवारीत तो धरू नका. शक्य असेल तर सोबत्यांना सांगून सगळे पट पूर्ण करा. तीन-चार फुटांवरची तुमची खरी टक्केवारी कळायला दुसरा मार्ग नाही, आणि अनेकांच्या खेळात गळती तिथेच असते.

झेंडा होलमध्ये ठेवून पट मारायला २०१९ पासून परवानगी आहे. तुम्ही कधी ठेवता, कधी काढता, असं असेल तर एक महिना एकच पद्धत ठेवा, म्हणजे आकडे गढूळ होणार नाहीत.

घरी बसून हिशेब

कोलंबिया बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी «स्ट्रोक्स गेन्ड» ही पद्धत मांडली. पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेची शॉटलिंक यंत्रणा प्रत्येक फटक्याचं अंतर नोंदवते. कोणत्या अंतरावरून व्यावसायिकाला सरासरी किती पट लागतात, हे त्या नोंदींवरून काढता येतं. २०११ पासून टूर पटिंगची आकडेवारी याच पद्धतीने देते. सरासऱ्या साधारण अशा आहेत:

३ फूट: १.०४
४ फूट: १.१३
५ फूट: १.२३
६ फूट: १.३४
८ फूट: १.५०
१० फूट: १.६१
१५ फूट: १.७८
२० फूट: १.८७
३० फूट: १.९८
४० फूट: २.०६
५० फूट: २.१४
६० फूट: २.२१

मधल्या अंतरांसाठी मधला आकडा घ्या. २५ फुटांना साधारण १.९२ चालेल.

आता हिशेब. प्रत्येक होलवर पहिल्या पटच्या अंतराची सरासरी पाहा आणि तीतून तुम्हाला लागलेले पट वजा करा. वीस फुटांवरून दोन पट लागले, तर १.८७ वजा २, म्हणजे उणे ०.१३. पाच फुटांवरून एका पटमध्ये आत, तर अधिक ०.२३. अठरा होलची बेरीज म्हणजे त्या दिवशी व्यावसायिकांच्या तुलनेत तुम्ही पटरने किती फटके कमावले किंवा गमावले.

सुरुवातीच्या उदाहरणाकडे जा. पहिल्या दिवशी बारा वेळा पाच फूट आणि सहा वेळा वीस फूट, म्हणजे अपेक्षित पट १४.७६ अधिक ११.२२, एकूण २५.९८. लागले २९. तीन फटके गेले. दुसऱ्या दिवशी बारा वेळा तीस फूट आणि सहा वेळा आठ फूट, म्हणजे २३.७६ अधिक ९, एकूण ३२.७६. लागले ३३. पाव फटकाही गेला नाही.

व्यावसायिकांशी तुलना पाहून निराश होऊ नका. ते आठ फुटांवरून निम्मे पट आत घालतात. नव्वदच्या आसपास स्कोअर करणाऱ्या खेळाडूसाठी हेच निम्म्याचं अंतर साधारण पाच फुटांवर येतं. त्यामुळे तुमची बेरीज उणे येणार, हे गृहीत धरा. हा तक्ता मोजपट्टी म्हणून वापरायचा आहे. मागच्या तिमाहीत सरासरी उणे ३ होती, या तिमाहीत उणे २ आहे, हे वाचता आलं की त्याचं काम झालं.

तीन पट: दोष कुणाचा

या वहीचा सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे, म्हणून हा हिशेब नीट समजून घ्या.

चाळीस फुटांवरून तीन पट लागले की उणे ०.९४. पण हे नुकसान पहिल्या पटने केलं की दुसऱ्याने? प्रत्येक पटचं अंतर लिहिलं असेल तर सांगता येतं. समजा पहिला पट आठ फूट कमी पडला. पहिल्या पटचा हिशेब: २.०६ वजा १ वजा १.५०, म्हणजे उणे ०.४४. मग आठ फुटांचा हुकला: १.५० वजा १, वजा उरलेल्या टॅप-इनचा (होललगतच्या सोप्या पटचा) १, म्हणजे उणे ०.५०. नुकसान दोघांत जवळजवळ सारखं वाटलं गेलं.

आता दुसरा प्रसंग. चाळीस फुटांवरून मारलेला पट तीन फुटांवर थांबला: २.०६ वजा १ वजा १.०४, अधिक ०.०२. पहिला पट व्यावसायिकाच्या तोडीचा होता. नंतर तीन फुटांचा हुकला: उणे ०.९६. कार्डावर दोन्ही होल सारखेच, तीन पट. पण पहिल्या खेळाडूने लांब पटचा वेग घोटवायला हवा आणि दुसऱ्याने त्याला हातही लावू नये, फक्त तीन फुटांवर उभं राहावं. तीन पट लागले म्हणून सगळेच जण सरावाच्या ग्रीनवर जाऊन लांबचे पट मारत बसतात, त्यातल्या कित्येकांना त्याची गरज नसते.

तिसरीही शक्यता आहे. तुमचे पहिले पट सारखे पन्नास-साठ फुटांवरून येत असतील तर दोष पटरचा नाहीच. साठ फुटांवरून टूरच्या खेळाडूंनाही दर पाचांत साधारण एकदा तीन पट लागतात. तुमचे अप्रोच (ग्रीनकडे मारलेले फटके) ग्रीनच्या चुकीच्या टोकाला थांबत आहेत. तिथे एक क्लब जास्त घेण्याचा विचार करा.

रोजच्या वापरासाठी एक सोपा निकष ठेवा: वीस फुटांच्या पुढच्या पटनंतर उरलेलं अंतर मूळ अंतराच्या दहाव्या हिश्शात आहे का? तीस फुटांवरून तीन फूट, पन्नासवरून पाच. दर राऊंडला असे किती पट साधले ते मोजा.

हुकलेला चेंडू कुठे गेला

आता ती अक्षरं. दहा फुटांच्या आतल्या हुकलेल्या पटांतली «क» वेगळी काढा. होलपर्यंत न पोचलेला चेंडू आत जाण्याची काहीच शक्यता नसते, म्हणून या अंतरावरचा प्रत्येक «क» हा हातातून घालवलेला मौका आहे. पूर्वी नासात काम केलेले पटिंगचे प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांनी प्रयोगांतून असं मांडलं की, हुकला तर होलच्या पुढे साधारण १७ इंच जाईल एवढा वेग चेंडूला धरून ठेवायला उत्तम. हा आकडा सगळ्या ग्रीनवर तंतोतंत लागू करायची गरज नाही, पण होलच्या पुढे एक-दीड फूट हे लक्ष्य चांगलं आहे.

«व» आणि «ख» यांची बेरीज करा. हौशी खेळाडूंच्या वहीत «ख» बरेच जास्त निघतात, म्हणजे ब्रेक कमी धरला जातो. खालच्या अंगाला गेलेला चेंडू होलपासून लांबच जात राहतो, वरच्या अंगाचा निदान होलकडे वळत असतो. तुमचे «ख» दुप्पट असतील तर स्ट्रोकमध्ये काही बदल करू नका, महिनाभर फक्त जास्त ब्रेक धरून खेळा आणि आकडा हलतो का ते पाहा. सरळ पटमध्ये «डा» किंवा «उ» एकाच बाजूला साठत असतील, तर मात्र पटरचा चेहरा (चेंडूला लागणारी बाजू) किंवा उभं राहण्याची दिशा तपासायला हवी.

किती राऊंडनंतर विश्वास ठेवायचा

एका राऊंडवर काहीही ठरवू नका. समजा एखाद्या अंतरावरून तुमची खरी क्षमता निम्मे पट घालण्याची आहे. तिथून वीस पट मारले तर दहा जातील असं वाटतं. पण कौशल्य तसूभरही न बदलता सहा ते चौदा यांतला कोणताही आकडा सहज येऊ शकतो. एका राऊंडमध्ये तर अशा अंतराचे दोन-तीनच पट वाट्याला येतात. म्हणून अंतरांचे गट करा: तीन फुटांपर्यंत, चार ते सहा, सात ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते तीस, त्यापुढे. एका गटात निदान पन्नास पट जमेपर्यंत त्या गटाची टक्केवारी फक्त लिहा, तिच्यावरून निर्णय घेऊ नका. वाईट राऊंडनंतर नवा पटर विकत घेणाऱ्याने हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

स्प्रेडशीटमध्ये एका पटला एक ओळ ठेवा: तारीख, होल, कितवा पट, अंतर, आत गेला की नाही, अक्षर. एवढ्यावर वरचे सगळे हिशेब निघतात. अर्कोस किंवा शॉट स्कोपसारखी सेन्सर असलेली साधनं हिशेब आपोआप करतात आणि बाकीच्या खेळासाठी ती फार उपयोगी आहेत. ग्रीनवर मात्र सावध राहा. जीपीएसची चूक काही मीटरची असू शकते, आणि चार फूट की सात फूट हे त्यावरून ठरत नाही. अॅपमध्ये पहिल्या पटचं अंतर हाताने बदलता येत असेल तर पावलांनी मोजलेला आकडा तिथे भरा.

सरावाची वाटणी

महिन्यातून एकदा वही उघडा आणि सगळ्यात जास्त फटके कुठल्या गटात गेले ते पाहा. त्या महिन्यात पटिंगच्या सरावाचा निम्मा वेळ त्याच गटाला द्या. चार ते सहा फुटांत गळती असेल तर पटरच्या रुंदीपेक्षा किंचित मोठं दार दोन टीने (चेंडू ठेवायच्या खुंट्यांनी) करा आणि त्यातून पटर नेत पाच फुटांचे पट मारा. दर वेळी होलभोवतीची जागा बदला, म्हणजे ब्रेकही बदलेल. लांब पटचा वेग ढिला असेल तर वीस, तीस, चाळीस फुटांवर आळीपाळीने मारा. एकाच अंतरावरून सलग दोन पट नकोत, कारण कोर्सवर दुसरी संधी मिळत नाही. सरावातले आकडे वेगळ्या पानावर लिहा, राऊंडच्या टक्केवारीत कधीही मिसळू नका.

ग्रीनला भोकं पाडून वाळू पसरलेली असेल किंवा तात्पुरत्या ग्रीनवर खेळावं लागलं असेल, तर त्या राऊंडवर खूण करा आणि बेरजेतून वगळा. पटर बदलला किंवा पकड बदलली तर त्या तारखेला वहीत आडवी रेघ मारा. रेघेच्या खाली प्रत्येक गटात पुन्हा पन्नास पट जमले की मगच वरच्या आणि खालच्या टक्केवारीची तुलना करा.